ती हरवलेली नव्हती

(जिल्ह्यातल्या स्त्री-संघटनांच्या आरोग्य शिबिरात झालेलं हे भाषण. बोलणारी कार्यकर्ती पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होती. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या बोलण्याचा विषय असा छापलाय : 'एचआयव्ही रुग्णांतील गैरसमज व औषधोपचाराबाबत उदासीनता'. ज्यांनी विषय ठरवला त्यांच्यावर माझा राग नाही. मी स्वतः कित्येक वर्षं हेच शब्द वापरलेत. पण आज मी हा विषय जरा उलटा करून मांडणार आहे. बाईचा दवाखान्याबद्दल काय गैरसमज आहे ते नंतर पाहू. दवाखान्याने बाईला काय समजलं, ते आधी पाहू.

मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले १९९० च्या सुमारास. आमचा भाग कर्नाटकाच्या सीमेजवळचा. गावात धंदा करणाऱ्या बायांची एक जुनी वस्ती. त्यातल्या बऱ्याच जणी यल्लमाला सोडलेल्या, बहुतेक दलित, पुष्कळजणींची घरची बोली कानडी. म्हणजे केसपेपर काढायच्या आधीच बाईवर चार शिक्के बसलेले असायचे. त्यात एड्स आला आणि पाचवा बसला.

आपल्या देशात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमधल्या अशाच बायांच्या रक्तात. तो शोधणाऱ्या दोघीही बायाच होत्या. डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला. डॉ. सोलोमन यांनी पुढे आयुष्यभर या रुग्णांची सेवा केली. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण लोकांनी त्या शोधाचा अर्थ भलताच लावला. जिथे शोधलं तिथे सापडलं, एवढंच खरं होतं. लोक म्हणू लागले, या बायाच रोग पसरवतात. तिला तो दिला कुणी, हे कोणी विचारलं नाही.

आम्ही वॉर्डात काय करायचो ते सांगते. बाई कशासाठीही आली, गळू असो, ताप असो, बाळंतपण असो, ती त्या गल्लीतली आहे असं कळलं की न विचारता रक्त पाठवायचं. रिपोर्ट आला की केसपेपरवर लाल शाईने शेरा मारायचा. खाट व्हरांड्याच्या टोकाला हलवायची. ताट लांबून सरकवायचं. ऑपरेशन असेल तर तारीख पुढे, मग आणखी पुढे, शेवटी 'मोठ्या दवाखान्यात जा' म्हणून चिठ्ठी.

आमच्या बाजूनेही बोलते, कारण मी दोन्हीकडची आहे. आम्हाला भीती होती, आणि ती काढायला कोणी आलं नाही. हातमोजे धुऊन, वाफवून पुन्हा वापरायचो, बोट घातलं की फाटायचे. बाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, हे मला नोकरीत सात-आठ वर्षं झाल्यावर कळलं. पण एक गोष्ट मी स्वतःला नेहमी विचारते. रक्त तर सगळ्यांचंच होतं. मग बड्या घरच्या बाईचं बाळंतपण करताना आम्हाला भीती का वाटत नव्हती?

आता अक्काबद्दल. अक्का हे तिचं नाव नव्हे. खरं नाव सांगणार नाही. तेवढं तरी तिचं गुपित मी राखीन.

१९९७ साली ती आमच्या वॉर्डात आली. अंगावरून खूप जात होतं, पिशवीला गाठ होती. वय चाळिशीच्या आतबाहेर. नेहमीसारखं रक्त पाठवलं, नेहमीसारखी तारीख पुढे गेली. तिला कोणी काही सांगितलं नाही. सकाळी झाडूवाली तिच्या खाटेखाली फडकं मारायला तयार होईना, तेव्हा तिला संशय आला. तिला वाचता येत नव्हतं. मी नाडी बघायला गेले तर तिने केसपेपरवर बोट ठेवलं. म्हणाली, "सिस्टर, ह्ये लाल शाईनं काय लिवलंय?"

मी म्हणाले, "तपासणीचा नंबर आहे."

तो शेरा माझ्याच हातचा होता.

तिसऱ्या दिवशी तिला चिठ्ठी देऊन घालवलं. ऑपरेशन झालंच नाही. रोगाचं नाव तिला पुढे वस्तीत कळलं, तेही भांडणात, शिवी म्हणून.

मैत्रिणींनो, माझ्या दवाखान्यात जे झालं ते काही जगावेगळं नव्हतं. त्या दहा वर्षांत काय काय झालं ते आठवून बघा. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाचा तरुण नियमाने रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात विषाणू सापडला म्हणून त्याला पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयात ६४ दिवस कोंडलं. गोव्याच्या आरोग्य कायद्यातच तशी सोय केलेली होती. त्याची आई कोर्टात गेली. मद्रासमध्ये पॉझिटिव्ह निघालेल्या बायांना शिक्षेची मुदत संपली तरी सुधारगृहातून सोडत नव्हते. १९९० मध्ये एक महिला पत्रकार हायकोर्टात गेली तेव्हा त्या सुटल्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत कामाठीपुऱ्यात मोठी धाड पडली. चारशेहून जास्त मुली आणि बाया उचलल्या, त्यात जवळजवळ निम्म्या नेपाळच्या. त्याला 'सुटका' म्हटलं गेलं. सुटलेल्या मुली महिनोन् महिने सुधारगृहात बंद. तिथे त्यांची रक्तं तपासली. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. शेवटी तिथल्या संस्थांनी पुढे होऊन शंभरावर मुलींना नेलं.

या बातम्या वस्तीत वर्तमानपत्रातून येत नाहीत. त्या माणसांबरोबर येतात. मुंबईहून परत आलेली बाई सांगते, पुण्याहून आलेली सांगते. पांढरा कोट आला की मागून पोलिसांची गाडी येते, हे वस्तीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. अशी बाई दवाखान्यात यायला कचरली तर तिला आपण अडाणी म्हणायचं का?

आणि आपल्या चळवळीला तरी हे नवं का वाटावं? १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला गावातल्या बायांना नेट-एनचं इंजेक्शन देणार होते. हा प्रयोग आहे, हे त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. आपल्याच मैत्रिणींच्या संघटना त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली, तेव्हा आपण रस्त्यावर आलो. 'आमच्या शरीराला हात लावण्याआधी आम्हाला विचारा' ही घोषणा आपलीच. आपण डॉक्टरवर अविश्वास दाखवला तर त्याला जागृती म्हटलं. वस्तीतल्या बाईने दाखवला तर त्याला गैरसमज म्हणायचं, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, हे आपल्याकडेच. तसं नाही. अमेरिकेत टस्कीगी गावाच्या परिसरात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने गरीब काळ्या पुरुषांवर गरमीच्या रोगाचा अभ्यास केला. सुमारे चारशे रुग्ण होते. पेनिसिलिनने रोग बरा होतो हे कळल्यावरही ते त्यांना दिलं नाही. रोग कसा वाढतो ते नुसतं बघत राहिले. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. तिथले काळे लोक एचआयव्हीच्या औषधांकडे संशयाने बघतात, तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं जातं, गैरसमज सोडा. ज्याला फसवलंय त्यानेच आधी विश्वास ठेवायचा, असा हा उलटा न्याय.

पुढची गोष्ट औषधांची. तीन औषधं एकत्र दिली तर माणूस जगतो, हे १९९६ पासून माहीत होतं. पण त्यांची किंमत माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, आणि जगभरचे भाव उतरले. आपल्या सरकारने मोफत औषधं सुरू केली १ एप्रिल २००४ पासून, आधी मोजक्या मोठ्या रुग्णालयांत. आमच्या भागात केंद्र यायला आणखी काही काळ गेला. तोवर मी नोकरी सोडून संघटनेत आले होते. वस्तीत माझी रोज जा-ये होती.

मी अक्काकडे गेले. ती खंगली होती. मी म्हणाले, "अक्का, आता गोळ्या फुकट मिळतात. चल माझ्याबरोबर."

ती म्हणाली, "रगत घेताना कुणी इचारलं न्हाई. आता गोळी द्यायला का गं मागं लागलायसा?" आणि मग हळू आवाजात, "तू मला नंबर म्हणून सांगितलं हुतंस."

नऊ वर्षं तिने ते लक्षात ठेवलं होतं. मला वाटायचं, वॉर्डातल्या इतक्या बायांत तिला माझा चेहराही आठवत नसेल.

मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली, पण माफ केलं असं काही म्हणाली नाही. तरी आली. त्या वेळी सीडी-फोर दोनशेच्या खाली असेल तरच गोळ्या मिळायच्या. तिच्या त्याहून कितीतरी कमी होत्या. हिरवं पुस्तक मिळालं, गोळ्या सुरू झाल्या. पहिली खेप बरी गेली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांभोवती शिकाऊ पोरं उभी होती. त्यांच्यासमोर तिला विचारलं, दिवसाला किती गिऱ्हाइकं होती. तिसऱ्या खेपेला गोळ्यांच्या खिडकीवरच्या माणसाने भरल्या रांगेत रोगाचं नाव घेऊन हाक मारली. रांगेत तिच्या भाच्याच्या गावचा माणूस उभा होता. अक्का तशीच मागे वळली.

मी काय केलं असेल? मी तिला रागावले. "तुझ्याच भल्यासाठी सांगतेय, एवढं मनाला लावून घेऊ नये." अगदी नर्सच्या आवाजात.

ती पुन्हा गेली नाही. तिच्या नावापुढे रजिस्टरात शेरा पडला 'एल. एफ. यू.' म्हणजे लॉस्ट टू फॉलोअप. मराठीत सांगायचं तर 'हरवलेली'. आणि अक्का राहत होती कुठे? केंद्रापासून चालत पंधरा मिनिटांवर. तिच्या दारावरून त्याच दवाखान्याची गाडी रोज जायची. ती हरवलेली नव्हती. तिला आपण घालवलं होतं, आणि रजिस्टरात मात्र दोष तिच्या नावावर लिहिला गेला.

२००८ मध्ये क्षयाने ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिने एकच मागितलं, "मला त्या व्हरांड्यात न्हेऊ नगा." आम्ही नेलं नाही. वस्तीतल्या बायांनी तिला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं. त्यांच्या हातात मोजे नव्हते.

तिच्या दिवसांनंतर वस्तीत बैठक झाली. मी बोलायला उभी राहिले तर एक तरुण बाई म्हणाली, "तुम्ही बसा. आज आमी बोलणार." त्या दिवशी मी जे ऐकलं ते मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

एकीने तिचे गाल दाखवले. बसलेले होते. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं पुढे, रात्रभर तळपायांची आग. तिने तीनदा डॉक्टरांना सांगितलं होतं, गोळीनं होतंय. उत्तर मिळालं, "दारू सोड. गोळीचा काही संबंध नाही." तिचा चेहरा बघून चौघींनी गोळ्या बंद केल्या होत्या. चेहरा आणि शरीर यांवरच जिचं पोट आहे, तिने दुसरं काय करायचं? त्या गोळीत स्टॅव्ह्युडीन नावाचं औषध होतं. त्याने अंगावरची चरबी झडते, नसा दुखावतात, हे डॉक्टरी पुस्तकांत तेव्हाही छापलेलं होतं. २००९ च्या अखेरीला जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं, हे औषध हळूहळू बंद करा. म्हणजे बाई खरं बोलत होती. पुढे ते बदललं, आज एकाच गोळीत भागतं आणि त्रासही पुष्कळ कमी. पण तुझं म्हणणं खरं होतं, असं तिला कोणी येऊन सांगितलं नाही.

दुसरी म्हणाली, सकाळी आठला रांग लावा म्हणतात, आमी झोपतोच पहाटं चारला. तिसरी म्हणाली, रेशनकार्ड मागतात. मालकिणीच्या खोलीवर राहणाऱ्या बाईला कोण देणार रेशनकार्ड? चौथी जत्रेच्या दिवसांत आणि एरवीही गावोगाव फिरायची. दुसऱ्या जिल्ह्यात गोळ्या संपल्या तर तिथलं केंद्र म्हणे, मूळ केंद्राची चिठ्ठी आणा. यातली एक तरी अडचण 'गैरसमज' आहे का?

आमच्या भागातल्या मुसलमान वस्तीतल्या एका बाईला पोटुशी असताना पॉझिटिव्ह सांगितलं, आणि त्याच दमात, "तुमच्यात ऑपरेशन करत नाहीत, पण आता करून घ्या." १९७६ ची सक्तीची नसबंदी त्या मोहल्ल्यात अजून घरोघरी सांगितली जाते. पोटातल्या बाळाला लागण होऊ नये म्हणून गोळ्या आहेत, हे सांगण्याआधी ऑपरेशनचं निघालं. ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. आणि हिजड्यांचं तर काय सांगावं? पुरुषांच्या वॉर्डात घेतलं तर पेशंट हसतात, बायकांच्या वॉर्डात सिस्टर घेत नाहीत. निर्णय होईपर्यंत बाकावर बसून ताप अंगावर काढायचा.

त्या बैठकीनंतर वस्तीतल्या दोघीजणी ओपीडीच्या दिवशी केंद्रात जाऊन बसू लागल्या. पगार नव्हता, खुर्चीही आधी नव्हती. नव्या बाईबरोबर आत जायचं, डॉक्टर काय म्हणाले ते कानडीत किंवा गावच्या मराठीत समजावायचं, आणि बाईचं म्हणणं डॉक्टरांना सांगायचं. नावाने किंवा रोगाने हाक न मारता नंबरने मारायची, हे त्यांनी भांडून करून घेतलं. पुढे दुपारची वेळ मिळाली. एक तरुण डॉक्टर आले, ते पेशंटला बसा म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. वस्तीत ती बातमी एका दिवसात पसरली. त्या महिन्यात गोळ्या सोडलेल्या बाया आपणहून परत आल्या. आम्ही कुठे पत्रकं वाटली नव्हती.

हे काही आम्हीच शोधलं असं नाही. कोलकात्यात सोनागाछीला १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी वस्तीतल्या बायांनाच आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्याच सुमारास सांगलीत संग्रामने काम सुरू केलं, आणि पुढे तिथल्या बायांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. आधी विश्वास टाकला तो बायांवर. दवाखान्यावरचा विश्वास त्यामागून आला.

आता कायदा. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमती घेतल्याशिवाय रक्त तपासायचं नाही. परवानगीशिवाय कुणाला सांगायचं नाही. पॉझिटिव्ह आहे म्हणून उपचार नाकारायचे नाहीत. वीस किंवा अधिक माणसं काम करतात त्या प्रत्येक दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमायचा. राज्यात लोकपाल असायचा, आणि तातडीच्या उपचाराचं प्रकरण असेल तर त्याने शक्यतो चोवीस तासांत हुकूम द्यायचा. कागदावर हे सगळं आहे. पण औषधं देण्याच्या कलमात 'शक्य असेल तितकं' अशी पळवाटही आहे. २०२२ मध्ये गोळ्यांचा तुटवडा झाला तेव्हा रुग्णांना दिल्लीत नॅकोच्या कचेरीसमोर महिनाभर धरणं धरावं लागलं. बाईने एकही दिवस चुकवायचा नाही आणि सरकारने चुकवला तर चालतो, असं कसं?

शेवटी कामाचं बोलू. २०१७ पासून सीडी-फोर किती हे न बघता प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला लगेच गोळ्या मिळतात. नियमाने घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे वस्तीत, मोहल्ल्यात, बचतगटात मोठ्याने सांगा. ही आनंदाची गोष्ट आहे आणि बायांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

आपापल्या तालुक्याच्या दवाखान्यात जा आणि विचारा, तक्रार अधिकारी कोण? नाव भिंतीवर लिहायला लावा. रजिस्टरात 'हरवलेली' असा शेरा दिसला, तर घर शोधा, आणि दारात पहिला प्रश्न 'गोळ्या का सोडल्यास?' असा विचारू नका. 'तिथं काय झालं?' असं विचारा. मग गप्प बसून ऐका.

आणि एक आपल्या घरचं. आपल्या मेळाव्यांना धंद्यातल्या बाया येतात तेव्हा त्या कुठे बसतात ते बघा. मागे, दाराजवळ, चौघीजणी एकत्र. जेवताना त्यांच्या पंगतीत आपण किती जणी जाऊन बसतो? आज सकाळच्या चहाला मी पाहिलंय. नावं घेत नाही.

दुपारी जेवणाची सुट्टी आहे. तिथूनच सुरुवात करू या.